वळणावरच्या घराची चौकशी

राजापूर तालुक्यातलं माझं आजोळ. एसटीतून उतरून पाणंदीनं खाली वाडीत जायला लागलं की मध्ये एक वळण येतं, आणि त्या वळणावर ते घर. चिरेबंदी जोतं, पुढे लांबलचक पडवी, दाराला गंजलेलं कुलूप, खळ्यात गुडघाभर रान आणि तुळशीच्या वृंदावनात तुळशीऐवजी उगवलेलं पिंपळाचं रोप. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मुलं तिथून पळत जायचो. का पळायचो ते कुणी विचारलं नाही, मोठी पोरं पळायची म्हणून आम्ही पळायचो. संध्याकाळनंतर मामी त्या बाजूला जाऊच द्यायची नाही.

२०२० च्या लॉकडाऊननंतर ऑफिसचं काम घरूनच होतं, तेव्हा मी सलग आठ महिने आजोळी राहिले. रेंज त्या वळणावरच यायची. म्हणजे दिवसातून दोन-तीनदा लॅपटॉप घेऊन मी त्या घरासमोरच्या गडग्यावर बसलेली असायची, आणि मीटिंगमध्ये दुसरं कुणी बोलत असलं की माझी नजर समोर जायची. एवढं मोठं घर. पडवीला सात खांब, ओटीवर झोपाळ्याच्या चार कड्या अजून लटकतायत. कुणी बांधलं असेल, किती माणसं राहत असतील, आणि शेवटचं माणूस कुलूप लावून गेलं तेव्हा आपण परत येणारच नाही हे त्याला माहीत होतं का, हे सगळं डोक्यात यायला लागलं आणि मग जाईना.

आधी गावात विचारलं. मामाच्या वयाच्या माणसांनी सांगितलेली गोष्ट साधारण एकच होती. फार पूर्वी त्या घरात एका पंधरवड्यात चार माणसं गेली. घरात नवी सून आली होती, ती तेवढी वाचली. ती पांढऱ्या पायाची होती. तेव्हापासून ते घर कुणाला लाभत नाही, वारस मुंबईत आहेत पण भीतीनं येत नाहीत. कुणी यात पुरलेलं धन घालायचं, कुणी विषप्रयोग. पण पांढऱ्या पायाची हे प्रत्येकानं म्हटलं, अगदी सहज, विहिरीचं पाणी मचूळ आहे असं सांगावं तसं. मला ते तेव्हाच खटकलं होतं.

मग मी घराकडे नीट बघायला लागले, बाहेरूनच. आत जायचं तर परवानगी पाहिजे आणि शिवाय जुन्या पडक्या घरात असंच शिरणं धोक्याचं असतं, वासे कुजलेले असतात, फुरसं असतं. मागच्या बाजूला न्हाणीघराचं छप्पर खाली आलं होतं आणि कौलांचा ढीग पडला होता. त्यातलं एक अख्खं कौल उचलून पालथं केलं, माती पुसली, तर त्यावर इंग्रजी अक्षरांचा छाप, बासेल मिशन टाइल वर्क्स, आणि खाली १८६५. मला इतका आनंद झाला की मी लगेच फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, घर दीडशे वर्षांपूर्वीचं आहे म्हणून.

तो समज मोडला वाडीत शाकारणी करणाऱ्या काकांनी. सत्तरीचे आहेत, पन्नास वर्षं कौलं चाळतायत. ते म्हणाले, "अगो ते सालावर जाऊ नको, ते कारखान्याचं साल. आमच्या देवळावरच्या कौलावर पण तेच हाय आणि देऊळ माझ्या बापाच्या डोळ्यासमोर झालं." नंतर वाचलं तेव्हा कळलं की बरोबर आहे, बासेल मिशनच्या लोकांनी मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तो १८६५ मध्ये आणि तेच साल ते पुढेही छापत राहिले. काकांनी त्याच ढिगातून दुसरं एक कौल काढून दाखवलं, त्यावर कॉमनवेल्थ असा छाप होता. हे मात्र कामाचं निघालं. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारनं बासेल मिशनचे कारखाने ताब्यात घेतले, कारण त्यात जर्मन लोक होते, आणि युद्धानंतर ते कॉमनवेल्थ ट्रस्ट नावाच्या कंपनीकडे गेले. म्हणजे हा छाप असलेलं कौल युद्धाच्या आधीचं असूच शकत नाही. एक-दोन कौलं फुटली म्हणून नंतर बदललेली असतील असं मला वाटलं, पण काकांनी ढिगातली वीस-पंचवीस कौलं उलटी करून पाहिली. अर्ध्याहून जास्त कॉमनवेल्थची.

मी त्या रात्री झोपले नाही नीट. कारण गावाच्या गोष्टीप्रमाणे चार माणसं गेली आणि घर ओस पडलं. मग युद्धानंतर एवढी मंगळुरी कौलं कुणी आणली? त्या काळात ती मंगळूरहून गलबतानं यायची, जैतापूरच्या खाडीत उतरायची, तिथून बैलगाडी आणि डोकं. खर्चाचं काम होतं ते. बहुतेक घरांवर तेव्हा गवत नाहीतर नळे, म्हणजे गावठी अर्धगोल कौलं, असायचे. ज्या घराला शाप आहे म्हणतात त्यावर कुणी एवढा पैसा घालेल का?

तेव्हा मी कागदांच्या मागे लागले. ज्यांना असं काही शोधायचं असेल त्यांच्यासाठी जरा सविस्तर लिहिते, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि माझे दोन महिने त्यात गेले.

देशावर घरं गावठाणात असतात आणि त्यांचे कागद वेगळे. आमच्याकडे वाड्या विखुरलेल्या, घर स्वतःच्या जमिनीतच, त्यामुळे घराचा इतिहास सातबाऱ्यात सापडू शकतो. महाभूनकाशावर आमच्या जमिनीचा सर्व्हे नंबर टाकला, शेजारचा तुकडा बघितला, त्यावरून त्या घराचा सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर मिळाला. आजचा सातबारा मोबाइलवर दोन मिनिटांत आला. तेवीस नावं! एकाखाली एक, सामायिक क्षेत्र. एवढी नावं बघून अर्धं कोडं तिथेच सुटल्यासारखं वाटलं, घर पडीक का आहे त्याचं. तेवीस जणांत कुणी एकानं कौलं घालायची म्हटली तर बाकीचे बावीस म्हणणार की हा घर बळकावतोय, म्हणून कुणीच हात लावत नाही. भुतापेक्षा सामायिक सातबाऱ्यानं कोकणातली जास्त घरं पाडलीयत, हे माझं मत आहे आणि आमच्या पंचक्रोशीत फिरून बघितलंत तर तुमचंही होईल.

पण ती आजची गोष्ट झाली. मागे जायचं असेल तर सातबाऱ्यावर नावांशेजारी जे गोलात आकडे असतात ते बघायचे. ते फेरफार नंबर. प्रत्येक आकडा म्हणजे एक घटना, कुणी वारलं, वारस लागले, वाटप झालं, कुळ लागलं. एक फेरफार काढला की त्यात त्याच्या आधीचा सापडतो. जुने हातानं लिहिलेले सातबारे काही ठिकाणी ऑनलाइन स्कॅन झालेत, आमच्या गावाचे थोडेच मिळाले, बाकीच्यांसाठी तालुक्याच्या रेकॉर्ड रूमला अर्ज केला, कोर्ट फी स्टॅम्प लावून. पहिल्यांदा गेले तर म्हणाले पुढच्या आठवड्यात या. पुढच्या आठवड्यात गेले तर ज्यांच्याकडे किल्ली ते रजेवर. तिसऱ्यांदा मामा बरोबर आला आणि तिथे एका शिपाईदादांनी आमची दया येऊन स्वतः शिडी लावून गठ्ठा काढला. लाल फडक्यात बांधलेला. त्यांनी धूळ झटकली तेव्हा खरंच, लग्नातला शालू उघडताना धडधडतं तसं मला झालं.

जुन्या सातबाऱ्यात रद्द झालेलं नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात. त्यामुळे सगळं खाली दिसत राहतं. वरती एका माणसाचं नाव, पुढे ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. त्याला कंस. मग त्याच्या मुलाचं, मग नातवंडांची रांग. सगळे पुरुष. आणि शेवटी इतर हक्काच्या रकान्यात बारीक अक्षरात एक ओळ, कर्त्याच्या मयत धाकट्या भावाची विधवा बायको, पोटगी.

एवढंच. नाव नाही.

मी मामाला म्हटलं, हीच ती. तो म्हणाला, कशावरून? मला नक्की सांगता येईना पण मला खात्री होती. तेव्हाचा कायदा असा होता की एकत्र कुटुंबातल्या विधवेला जमिनीत मालकीचा हिस्सा नाही, फक्त अन्नवस्त्राचा हक्क, राहायला जागा आणि खायला दाणे. विधवांना मर्यादित हिस्सा देणारा कायदा आला १९३७ ला, वारसा कायदा १९५६ ला. ३७ च्या आधी विधवा झालेली बाई सातबाऱ्यावर आलीच तर अशी, कडेच्या रकान्यात, बोजासारखी. त्याच रकान्यात सोसायटीच्या कर्जाची नोंद असते.

आता मृत्यूची नोंद शोधायची होती. गाव नमुना १४, लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात पूर्वी गावातले जन्म-मृत्यू लिहायचे. आमच्या गावाची काही सालांची पुस्तकं जिवंत होती, पण मोडीत. मला मोडीतलं ओ की ठो कळत नाही. राजापुरात एक रिटायर्ड सर आहेत ते मोडी वाचतात, पण मी गेले ते २०२३ च्या शेवटी आणि तेव्हा कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला होता, सगळ्या महाराष्ट्रात मोडी वाचणाऱ्यांना अचानक उसंत नव्हती. सर म्हणाले, "जातीचं काम आहे का?" मी म्हटलं नाही, एका घराचं आहे. ते थोडं थांबले आणि म्हणाले, रविवारी सकाळी या, चहा घेऊ आणि बघू.

मोडी वाचताना बघणं हाच एक अनुभव आहे. आधी पानभर डोक्यावरची रेघ ओढून घेतलेली असते आणि मग खाली अक्षरं न थांबता वाहत जातात, ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्द कुठे तुटतो ते अंदाजानं. सर बोट फिरवत पुटपुटत जायचे आणि मी वहीत लिहायची. रकाने असे, तारीख, नाव, जात, वय, कारण. कारणं ठरलेलीच, ताप, पटकी, देवी, हगवण. आम्हाला साल माहीत नव्हतं. कौलांवरून मी युद्धाच्या आसपासचा काळ धरला होता म्हणून १९१५ पासून सुरुवात केली. १५ मध्ये काही नाही. १६, १७ काही नाही. एरवी गावाचं अख्खं वर्ष दीड-दोन पानांत संपायचं.

१९१८ चा ऑक्टोबर आला आणि सरांचं पुटपुटणं थांबलं. त्यांनी पान उलटलं, परत उलटलं, परत. तो एक महिना चार पानं चालला होता. कारणाच्या रकान्यात ताप. खाली ताप. त्याच्या खाली ताप. लिहिणाऱ्यानं पुढे पुढे नुसत्या खुणा केल्यायत, वरीलप्रमाणे म्हणून. शाई बदललीय, अक्षर बदललंय, म्हणजे मधेच लिहिणारा माणूसही बदलला. तो का बदलला असेल हे आम्ही दोघंही बोललो नाही.

ते वळणावरचं घर दुसऱ्या पानावर होतं. सासरा, वय पंचावन्न. तीन दिवसांनी सासू, तिचं नाव नाही, अमक्याची बायको. मग धाकटा मुलगा, वय बावीस. मग आठ महिन्यांची मुलगी, तिचंही नाव नाही. तेरा दिवसांत चार. गावाची गोष्ट आकड्यापुरती अगदी खरी होती.

पण त्याच चार पानांवर आमच्या आजोळचं घर होतं. तीन नावं. मामाला हे माहीत नव्हतं, आजोबांनी कधी सांगितलं नव्हतं. वरच्या वाडीतलं गुरवांचं घर होतं. खालच्या वाडीतली पाच घरं होती, त्यातल्या एका घरातून सहा माणसं. गावात असं घर शोधावं लागत होतं ज्यातून कुणी गेलं नाही. इन्फ्लुएन्झाची साथ होती ती. मुंबईत जूनमध्ये आली, मधे थोडी निवली आणि सप्टेंबरपासून परत आली ती भयंकर होऊन. भारतात सव्वा कोटीहून जास्त माणसं गेली असा अंदाज सांगतात, मुंबई इलाख्यातच दहा लाखांच्या वर. आणि एरवीच्या तापासारखी ही म्हाताऱ्यांना नेत नव्हती, वीस ते चाळीसमधली धडधाकट माणसं जास्त जायची. मला वाटतं आमच्याकडे ती बोटीनं आली असणार. पावसाळ्यात बोटी बंद, त्या सप्टेंबरच्या सुमाराला सुरू व्हायच्या आणि मुसाकाझी, जैतापूरला चाकरमानी उतरायचे. भाताची कापणी तोंडावर आलेली, कापायला माणूस नाही, अशी ती वेळ.

मला तिथे सरांच्या घरी रडायला आलं आणि मग राग आला. अख्ख्या गावात हे झालं होतं. प्रत्येक घराला आपलं दुःख होतं. मग पांढरा पाय एकाच घरातल्या बाईचा कसा? जिथे कर्ता पुरुष वाचला तिथे ती साथ होती, आणि जिथे एकोणीस-वीस वर्षांची सून वाचली तिथे तो तिचा दोष? शंभर वर्षं झाली तरी माझ्या मामाच्या पिढीतली चांगली शिकलेली माणसं तेच वाक्य म्हणतायत. त्या साथीची आठवण गावानं पुसून टाकली आणि ती सगळी त्या एका बाईच्या नावावर लिहून ठेवली. सर म्हणाले, "आता तुम्ही हे सांगा गावात." मी म्हटलं सांगते.

सांगितलं. मामा आधी गप्प झाला, नंतर म्हणाला, आमच्या घरातले तीन म्हणजे नक्की कोण गं? मग आम्ही ती नावं वहीतून वाचली.

आणि एक गोष्ट जी मी सगळ्यात आधी करायला पाहिजे होती ती मी सगळ्यात शेवटी केली. वळणाच्या पलीकडे एक आजी राहतात, नव्वदीला आलेल्या. मी पुरुषमाणसांना विचारत फिरले, कारण जमिनीचं तेच बोलतात, आणि आजींना विचारलंच नाही. गेले तर त्या फणसाच्या आठळ्या सोलत होत्या.

"शापबिप काय नाय गो बाय," त्या म्हणाल्या. "मी लगीन होऊन आले तवा म्हातारीचीच चूल आधी पेटायची वाडीत. माझी दोन बाळंतपणं तिनं केली."

म्हणजे घर १९१८ ला ओस पडलंच नव्हतं. ती तिथे राहिली, १९७४ पर्यंत. छप्पन्न वर्षं. आजी सांगत गेल्या, मी ऐकत गेले. थोरला दीर मुंबईला गिरणीत मुकादम होता, साथीत तो तिकडे होता म्हणून वाचला. त्यानं नंतर घर चिऱ्याचं केलं, कौलं घातली, पण तो राहायला नाही आला, मुलाबाळांना मुंबईला ठेवून घर तिच्यावर सोडलं. ती भात लावायची, गुरं बघायची, गणपतीला सगळी भावकी आली की तीस-तीस माणसांचं करायची. वाडीतल्या बाळंतिणी तिच्याकडे. पण लग्नात हळद लावायला तिला बोलवायचे नाहीत. आजी हे सांगून थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, माझ्या लेकीच्या हळदीला मी बोलावली होती, ती आली नाही.

ग्रामपंचायतीत १९७४ ची मृत्यूची नोंद मिळाली. ऑगस्ट. तिथे पहिल्यांदा तिचं नाव बघितलं. ते इथे लिहीत नाही, घरची माणसं आहेत.

घरच्यांपैकी एका काकांचा नंबर मुंबईच्या ग्रामस्थ मंडळातून मिळाला. डोंबिवलीला असतात, तेवीस नावांतलं एक. फोनवर आधी त्यांना वाटलं मी एजंट आहे, जमीन विकत घ्यायला फोन करतेय, तसे खूप येतात म्हणे. त्यांना पटवायला मला तीन फोन लागले. मग त्यांनीच घरी बोलावलं. ते मुकादमांचे नातू, स्वतःही गिरणीत होते, ८२ च्या संपात नोकरी गेली. लहानपणी तीन वर्षं ते या घरात राहून शाळेत गेलेत आणि तिला आजीच म्हणतात. मी १९१८ ची चार पानं दाखवली, मोबाइलवर फोटो होते. ते बराच वेळ मोठं करून करून बघत राहिले. त्यांनाही घरात कुणी सांगितलं नव्हतं, फक्त एवढंच माहीत की आजीला एक मुलगी होती आणि ती गेली.

त्यांच्याकडे पत्र्याची ट्रंक आहे, आजी गेल्यावर त्यांच्या वडिलांनी घरातून आणलेली. आत लुगड्याच्या घडीत मनिऑर्डरची कुपनं. पूर्वी फॉर्मच्या तळाला तो तुकडा असायचा, पैसे देताना पोस्टमन फाडून द्यायचा, त्यावर पाठवणाऱ्यानं दोन ओळी लिहायची जागा. तारेत ओवलेला गठ्ठा होता. पावसाआधी शाकारून घेणे. गाय विकू नये. मुले सर्व खुशाल. तिला वाचता येत नव्हतं, पोस्टमन वाचून दाखवायचा आणि तिनं ती कुपनं ठेवली.

मी त्यांना म्हटलं, घराच्या आत जाऊ का एकदा? ते म्हणाले, किल्ली कुठे आहे ठाऊक नाही, कुलूप तोडा, माझ्या नावावर तोडा, कुणी काही बोललं तर मला फोन करायला सांगा. तरी मी पोलीस पाटलांना आणि आणखी दोन हिस्सेदारांना कळवून मगच गेले, शाकारणीवाले काका आणि मामा बरोबर.

आत ओटी शाबूत. माजघरात अर्धं आभाळ. देवघराचा कोनाडा तेलानं काळा झालेला, देव नाहीत, ते डोंबिवलीला. भिंतींचा चुना पावसानं उतरलेला. कोठीची खोली मात्र कोरडी होती, वर माळा असल्यामुळे, आणि बॅटरी मारली तर दाराच्या आतल्या अंगाला भिंतीवर गेरूच्या उभ्या रेघा. ओळीनं. काका म्हणाले भाताचा हिशेब असेल, कुडव मोजले असतील. पण त्या बाराच्या गटात होत्या. बारा रेघा, मग आडवी फुली, परत बारा. मी फोटो काढून डोंबिवलीला पाठवला. दहा मिनिटांनी फोन आला, आवाज बदललेला होता. मनिऑर्डर, ते म्हणाले. पैसे आले की ती पोस्टमनला चहा द्यायची आणि आत जाऊन एक रेघ मारायची, मी बघितलंय.

मग आम्ही मोजल्या. एकतीस गट पुरे आणि शेवटचा अर्धवट, त्यात सात. जुलै ७४ पर्यंत. ऑगस्टमध्ये ती गेली. एकतीस वर्षं मागे मोजलं तर १९४३ ची जानेवारी येते, त्याच्या आधीच्या रेघांवर बहुतेक चुना बसला असेल. मामा बाहेर जाऊन उभा राहिला. मी त्या खोलीत किती वेळ होते कळलं नाही, पावसाळी हवा होती आणि लांबून कुणाच्या तरी रेडिओचा आवाज येत होता.

हे सगळं मी वाडीतल्या सत्यनारायणाच्या वेळी बायकांना सांगितलं, नंतर देवळात गावकीच्या बैठकीत मामानं सांगितलं. चार पानांचे प्रिंट काढून नेले होते, लोकांनी आपापल्या घरांची नावं शोधली. आमच्याकडे आता त्या घराला आजीचं घर म्हणायला लागलेत काही जण. सगळे नाही. हिस्सेदारांपैकी आठ जणांनी मिळून यंदा छपरावरचा पिंपळ काढला आणि कोठीच्या खोलीवर प्लास्टिक ताडपत्री टाकली, बाकीच्यांशी बोलणं चालू आहे. वाटप कधी होईल देव जाणे.

माझं एक राहिलंय. पलीकडच्या आजींच्या न्हाणीत तांब्याचा एक हंडा आहे, म्हातारीनं जाताना दिलेला, अजून रोज चुलीवर चढतो. त्याच्या काठावर कोरलेलं आहे, हे त्यांना स्पर्शानं माहीत होतं, वाचलं कुणी नव्हतं. मी काठाला तांदळाचं पीठ चोळलं, अक्षरं पांढरी वर आली. चि. सौ. कां. आणि पुढे एक नाव, ग्रामपंचायतीतलं नाही, वेगळंच. लग्नाआधीचं. त्याच्यापुढे माहेरच्या गावाचं नाव आहे, पण पहिली दोन अक्षरं रोजच्या राखेनं घासून गेलीयत, शेवटी नुसतं 'वडे' एवढं वाचता येतं. राजापूर, लांजा, देवगड, कणकवली, चारही तालुक्यांच्या गावांच्या याद्या घेऊन बसलेय. अशा शेवटाची गावं निघतायत थोडी. एकेका गावातल्या कुणाला तरी फोन करून विचारतेय की १९१५-१६ च्या सुमाराला तुमच्याकडची मुलगी राजापुरात दिली होती का.